पुणे ते आखेन: आधी पत्ता, मग बाकी सगळं

मास्टर्ससाठी जर्मनीला निघणाऱ्यांचा एक क्रम ठरून गेला आहे: आधी प्रवेश, मग व्हिसा, मग तिकीट, आणि खोलीचं "तिकडे गेल्यावर बघू". हिवाळी सत्र २०२५ साठी पुण्याहून आखेन गाठल्यावर आमचं मत पक्कं झालं आहे की खोलीचा शोध प्रवेशअर्जाच्या सोबतच सुरू व्हायला हवा. आखेनमध्ये पत्त्यावाचून काहीच पुढे सरकत नाही. पत्ता नाही तर आनमेल्डुंग, म्हणजे नगर कार्यालयातली रहिवासी नोंदणी होत नाही. नोंदणीचा कागद नसला की बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, आणि जर्मन खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा ठरावीकच मिळणारे, स्वतःचेच पैसे अडकून पडतात.

शहर निवडताना

आपल्याकडे 'टीयू ९' या नऊ तांत्रिक विद्यापीठांचं फार वेड आहे. नऊही चांगली आहेत, पण खर्चाच्या बाबतीत सारखी नाहीत. कार्ल्सरूहं आणि श्टुटगार्ट ज्या राज्यात आहेत, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे आणि घरभाडंही तिथे सगळ्यांत चढं. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच या तांत्रिक विद्यापीठात नेहमीच्या मास्टर्सना शिक्षण फी नाही, फक्त सत्र शुल्क भरायचं, आणि त्यातच प्रवासाचं तिकीटही येतं. व्यवस्थापन शाखेचे काही सशुल्क अभ्यासक्रम मात्र आहेत. नावं सारखी वाटतात, म्हणून पान नीट वाचूनच अर्ज करा.

कागद

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं पडताळल्याचा दाखला लागतो. त्याची फी १८,०००  रुपये. हंगामात ते यायला महिने लागू शकतात. आरडब्ल्यूटीएचच्या बऱ्याच इंग्रजी मास्टर्सना युरोपबाहेरच्यांसाठी मुदत १ मार्च असते, त्यामुळे आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच एपीएसचा अर्ज जायला हवा. इतर विद्यापीठांची ३१ मे किंवा १५ जुलै ही तारीख बघून निर्धास्त राहिलेल्यांचं आखेन हातचं जातं.

गुणांचं जर्मन श्रेणीत (तिथे १.० सर्वांत चांगली, आकडा वाढला की श्रेणी खालची) रूपांतर ज्या सूत्राने होतं, ते एकदा हाताने करून बघा: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. दहापैकी ८.२ सीजीपीए आणि उत्तीर्ण व्हायला किमान ४ असेल तर १.९ येतं. तेच किमान ५ धरलं तर जवळपास २.१. जिथे कटऑफ २.० आहे तिथे एवढ्यावर अर्ज बाद होतो. उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी गुणपत्रिकेच्या मागे छापलेली नसेल, तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या. हे पत्र आपलं विद्यापीठ चार दिवसांत देईल अशा भरवशावर मात्र राहू नका.

आरडब्ल्यूटीएचचा अर्ज त्यांच्याच पोर्टलवर भरायचा असतो. युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जाणाऱ्या विद्यापीठांना पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्राच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. आखेनमध्ये अर्ज अडतो तो विषयांच्या ताळमेळावर. गणित, यांत्रिकी, थर्मोडायनॅमिक्स अशा प्रत्येक विषयगटात किती क्रेडिट झाली, हे ते बारकाईने मोजतात. 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स ३' एवढ्या नावावरून त्यांना काहीच कळत नाही. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधून प्रत्येक विषयाची घटकवार पानं काढा, तास आणि क्रेडिट लिहा, आणि तुम्ही शिकलात त्याच वर्षाचा पॅटर्न जोडा. पुणे विद्यापीठात २०१५ आणि २०१९ चे पॅटर्न वेगळे आहेत, चुकीचं पान जोडलं तर क्रेडिट जुळत नाहीत.

खोली

विद्यार्थी वसतिगृहांचा कारभार श्टुडिरेंडनवेर्क ही विद्यार्थी सेवा संस्था बघते. तिथली यादी लांब असते, त्यामुळे अर्ज घेतात त्या दिवशीच नाव घाला. बऱ्याच वसतिगृहांच्या यादीत टिकून राहायला 'मला अजून खोली हवी आहे' असं अधूनमधून कळवावं लागतं. तो ई-मेल स्पॅममध्ये गेला तर नाव गळतं. चर्च आणि खासगी संस्थांच्या वसतिगृहांचे अर्ज वेगळे असतात, तेही भरा.

दुसरा मार्ग वेगे, म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेलं घर. डब्ल्यूजी-गेझुख्ट या संकेतस्थळावरची जाहिरात कशी वाचायची ते पाहा. समजा लिहिलं आहे: १४ चौरस मीटर, काल्टमीटं ३१०, नेबेनकोस्टेन १२०, काउत्सिओन ९३०. म्हणजे नुसतं भाडं ३१०, हीटिंग-पाणी वगैरे १२०, दरमहा हातचे जाणार ४३०. काउत्सिओन म्हणजे अनामत, ती कायद्याने नुसत्या भाड्याच्या तिप्पटीपर्यंतच घेता येते, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. वीज आणि इंटरनेट त्या १२० मध्ये आहे का, ते विचारा. शिवाय रेडिओ-टीव्हीचं १८.३६ युरो मासिक शुल्क प्रत्येक घराला असतं, ते सगळ्यांत वाटलं जातं. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यातून ४३० भाडं आणि साधारण १४५ आरोग्य विमा गेला की चारशेच्या आसपास उरतात. घरी स्वयंपाक केला तर तेवढ्यात भागतं, पण आखेनमध्ये ६०० ची खोली घेतली तर ओढाताण सुरू होते.

पहिला संदेश जर्मनमध्ये लिहा, पाच-सहा ओळींत: कोण, काय शिकणार, कधीपासून, किती काळ, आणि जाहिरातीतल्या एखाद्या गोष्टीवर एक वाक्य. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला की उत्तर येत नाही. कोणी काही महिन्यांपुरती खोली देत असेल तर ती सुरुवातीला बरी, पण तिथे आनमेल्डुंग करता येईल का, हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारा. घरमालकाने सही केलेला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा कागद मिळणार नसेल, तर ती खोली स्वस्तातही घेऊ नका.

फसवणुकीचा नमुना एकच आहे. मालक "सध्या परदेशी" असतो, फोटो हॉटेलसारखे चकचकीत, भाडं बाजारापेक्षा कमी, आणि अनामत पाठवली की किल्ली कुरिअरने येणार असते. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला नकार मिळाला की तिथेच थांबा. करार हातात येण्याआधी एक युरोही पाठवू नका.

सीमेपलीकडचं व्हाल्स आखेनच्या बसने अगदी जवळ आहे, पण ते नेदरलँड्समध्ये आहे. तिथल्या पत्त्यावर जर्मन नोंदणी होत नाही आणि जर्मन विद्यार्थी व्हिसा तिथे राहण्यासाठी नाही. त्यापेक्षा हेर्त्सोगेनराथ किंवा युबाख-पालेनबेर्ग बघा. ती रेल्वेलाइन थेट आखेन-वेस्टला येते आणि विद्यापीठाचा मुख्य भाग तिथून पायी गाठता येतो. एश्वायलर, श्टोलबेर्ग, ड्युरेन पूर्वेला आहेत, तिकडून विद्यापीठाच्या मेलाटेन कॅम्पसला यायचं तर शहर ओलांडून बस घ्यावी लागते.

मुंबई ते आखेन

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. विमानतळाच्या फेर्नबानहोफ या स्थानकातून ब्रसेल्सकडे जाणारी आयसीई ही जलद गाडी आखेनला थेट सोडते. नाहीतर क्योल्नला (कोलोनला) गाडी बदलायची. काही आयसीई क्योल्नच्या मुख्य स्थानकावर न थांबता नदीपलीकडच्या मेसे-डॉइट्झला थांबतात, तिकिटावर नाव नीट बघा. स्वस्तातलं स्पारप्राइस तिकीट त्याच गाडीला चालतं, म्हणून विमान उतरण्याच्या वेळेत आणि गाडीत निदान चार तास ठेवा. सत्राचं तिकीट १ ऑक्टोबरपासून लागू होतं आणि ते प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईला नाही.

शनिवारी रात्री पोहोचू नका. रविवारी दुकानं बंद, आणि ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी. दोन-तीन महिन्यांच्या भाड्या-जेवणाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटबाहेर, फॉरेक्स कार्डवर असू द्या.

आनमेल्डुंग कायद्याने दोन आठवड्यांत करायची असते, पण अपॉइंटमेंट सहज मिळत नाही. ती भारतातूनच ऑनलाइन शोधायला लागा, सकाळी लवकर रद्द झालेल्या वेळा दिसतात. सार्वजनिक आरोग्य विमा असल्याचं विमा कंपनी विद्यापीठाला परस्पर कळवते, त्याशिवाय नावनोंदणी पूर्ण होत नाही. तिशीच्या आत असाल तर स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेऊ नका: त्यासाठी एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत मागे फिरता येत नाही.

खोलीचा ताबा घेताना भिंती, गालिचा, खिडक्यांच्या कडा यांचे फोटो काढून पाहणीच्या कागदावर प्रत्येक डाग लिहून घ्या. ओले कपडे खोलीत वाळवून खिडक्या बंद ठेवल्या तर कोपऱ्यांत बुरशी धरते, आणि ती साफ करण्याचा खर्च अनामतीतून जातो. थंडीतही दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडा, नुसती फट ठेवून भागत नाही. पुढे खोली बदलली की नवा पत्ता पुन्हा दोन आठवड्यांत नोंदवायचा, आणि तो बँकेला, विम्याला आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचा. निवास परवान्याची पत्रं टपालाने जुन्या पत्त्यावर जातात आणि मुदत तशीच उलटून जाते.