आबांच्या शेडातला काकवीचा वास

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. ट्रॅक्टरमागं बेलर, म्हणजे गठ्ठे बांधायचं मशीन, लावून मी भाताचं पिंजर (पेंढा) बांधून देतो, गठ्ठ्यामागं पैसे, सीझन जेमतेम महिना-दीड महिन्याचा, त्यामुळं फोन आला की पळायचं. राधानगरीच्या बाजूला एका आबांचं दीड एकर भात हार्वेस्टरनं काढलेलं, पिंजर रानात पडून दोनच दिवस झालेले. मूठभर उचलून पिळलं तर कट्कन तुटायला पाहिजे, ते चामड्यासारखं नुसतं वळतंय, वर बांधाकडंचं हिरवं गवत पण मिसळलेलं. म्हटलं, "आबा, वल्लं हाय अजून, दोन दिवस ऊन खाऊ दे."

"आरं ढग बघ की दाजीपूरच्या अंगाला! भिजलं तर म्हशीस्नी काय घालू?"

खरं सांगायचं तर मला पण पुढं दोन गावं करायची होती. लावला पीटीओ, ट्रॅक्टरच्या इंजिनावर बेलर फिरवणारा दांडा.

सुतळीला गाठ मारणारा नॉटर दोनदा अडकला, जास्त ताण आला की मशीन वाचवायला आधी तुटतो तो शिअर बोल्ट तुटला, आणि एरवी जो गठ्ठा पोरगं एकटं ट्रॉलीत फेकतंय त्याला त्या दिवशी दोघं लागत होते. तिथंच थांबायला पाहिजे होतं. 140 गठ्ठे झाले, गोठ्याला चिकटून पत्र्याचं शेड आहे त्यात छपरापर्यंत खच्चून रचले, वारा जायला बोटभर फट नाही.

नवव्या दिवशी त्याच वाटेनं जाताना वास आला, काकवी करपल्यासारखा. वाटलं गुऱ्हाळ लागलं असेल, अर्धा किलोमीटर पुढं गेलो आणि मग ट्यूब पेटली, ह्या वाटेला गुऱ्हाळ हाय कुठं?

गाडी वळवली. आबांकडनं पहार घेऊन थप्पीत खुपसली, दहा मिनिटांनी ओढली तर टोकाला हात लावू देईना. ओलं पिंजर दाबून बांधलं की उकिरड्यासारखं आतनं तापतं, 70 अंशांच्या वर गेलं की आपोआप पेटूही शकतं, आणि गंमत म्हणजे गठ्ठे उपसायला लागलं की आत हवा शिरते आणि तेव्हाच भडका उडायची भीती जास्त. म्हणून आधी म्हशी सोडल्या, मोटरची पाईप शेडापर्यंत ओढली, मगच हात घातला.

वरच्या गठ्ठ्यांतनं नुसती वाफ. मधले तंबाखूसारखे तपकिरी. सगळ्यात आतला उचलला तर प्लास्टिकची सुतळी वितळून पिंजराला चिकटलेली, काळा कोळसा, आणि वारा लागल्याबरोबर त्यात लाल ठिणगी फिरली. आबांच्या सुनेनं पाईप फिरवली, मी नुसता बघत उभा होतो.

साठेक गठ्ठे उकिरड्यावर गेले. आबांनी बांधणीचे पैसे आधीच दिले होते, त्यांनी परत मागितले नाहीत, मी पण दिले नाहीत. यंदा त्यांचा फोन नाही. दुसऱ्याचं मशीन आलं होतं म्हणे.