रिंगेची लांबी आणि माझी पहिली मुलाखत

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. वाघोलीच्या साइटवर ज्युनिअर साइट इंजिनिअरची जागा आहे, पुढच्या शुक्रवारी अकराला या. सिव्हिल डिप्लोमाचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता. हातात नऊ दिवस होते.

पहिले दोन दिवस मी पाठांतरात घातले. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर: पायातल्या फुटिंगला 50 एमएम, कॉलमला 40, बीमला 25, स्लॅबला 20. सळईचं मीटरमागे वजन काढायचं तर व्यासाचा वर्ग भागिले 162. एम20 ग्रेडचं काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा कामावरून आले. अण्णा गवंडी आहेत, तीस वर्षं बार्शी आणि आसपासच्या गावांत काम करतात. मी मोठ्यानं म्हणत होते ते त्यांनी हातपाय धुता धुता ऐकलं आणि विचारलं, "वीसच का? दहा ठेवलं तर काय हुईल?"

मी म्हटलं, कोडमध्ये आहे, म्हणजे काँक्रीटच्या नियमांच्या पुस्तकात.

"कोडमध्ये हाय ते बरोबर. पर का हाय? सळई उघडी पडली की गंजती. गंजली की फुगती. फुगली की आपल्याच अंगावरचं काँक्रीट फोडती. उद्या मारुतीच्या देवळाचा मंडप वर मान करून बघ."

सकाळी जाऊन पाहिलं. मंडपाच्या छताचे पापुद्रे सुटले होते आणि तांबूस, सोललेल्या सळ्या दिसत होत्या. या देवळात मी लहानपणापासून जाते, पण कधी वर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून वहीत प्रत्येक आकड्यासमोर एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'का?'. ज्या आकड्याचा रकाना रिकामा राहील तो मला येत नाही असं धरायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराचं काम चालू होतं. अण्णांच्या ओळखीनं तिथे तीन दिवस दुपारी जाऊन बसले. बीम 230 बाय 380चा, रिंगा, म्हणजे लांब सळ्यांना वेढून धरणाऱ्या चौकोनी कड्या, 8 एमएमच्या. फिटरमामा रिंगा वळत होते. मी वहीत हिशोब केला. दोन्ही बाजूंचं 25 एमएम कव्हर वजा करून 180 आणि 330, चारी बाजू मिळून 1020, दोन हुकांचे 160, एकूण 1180 एमएम. मग त्यांनी कापलेला तुकडा टेपनं मोजला तर 43 इंच भरला, म्हणजे 1092. साडेतीन इंच कमी! मला वाटलं, मामांचंच चुकलं. त्यांनी माझ्या हातात एक तयार रिंग दिली आणि म्हणाले, "मोज बाहेरनं." बरोबर 180 आणि 330 भरली.

"वाकवताना सळई वाढती, ताई. आम्ही ते आधीच कमी धरतो."

घरी येऊन पुस्तक काढलं. काटकोनाच्या प्रत्येक वाकाला व्यासाच्या दुप्पट वजा करायचे, 135 अंशांच्या वाकाला तिप्पट. एका रिंगेत काटकोनी वाक तीन आणि 135चे दोन, म्हणजे 96 एमएम वजा. उत्तर 1084. मामांचा तुकडा आणि पुस्तक यांत फक्त 8 एमएमचा फरक उरला. हे मी कॉलेजात शिकले होते, पेपरात लिहिलंही होतं, तरी विसरले होते. 1180 वर काट मारली, पण खोडून टाकलं नाही. शंभर रिंगांमागे किती सळई वाया गेली असती तेही काढलं. जवळपास पावणेचार किलो.

मुलाखतीच्या प्रश्नोत्तरांच्या याद्यांबद्दल एक सांगायला हवं. त्यात एकास दीडास तीन आणि घनमीटरला सिमेंटची आठ पोती, यावर फार भर असतो. पण हे ठरीव प्रमाण एम20 पर्यंतच चालतं आणि शहरातल्या मोठ्या साइटवर स्लॅबला आरएमसीची, म्हणजे प्लँटवर तयार केलेल्या काँक्रीटची, गाडी येते. मग मी स्वतःलाच प्रश्न घातला: गाडी गेटवर उभी आहे, तू काय बघशील? चलनावरची ग्रेड, प्लँटवर माल मिसळल्याची वेळ (दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी), मग स्लंप, म्हणजे माल किती ढिला आहे त्याची चाचणी. माल घट्ट वाटतो म्हणून ड्रायव्हर किंवा मुकादम ड्रममध्ये पाणी सोडायला लागला तर थांबवायचं. हे शेवटचं मी आरशासमोर तीनदा म्हटलं, कारण माझ्या दुप्पट वयाच्या माणसाला मला थांबवता येईल का, याची खरी धास्ती होती.

बायोडेटातून 'मेहनती' आणि 'वक्तशीर' हे शब्द काढून टाकले आणि सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगमध्ये हातानं काय केलं ते चार ओळींत लिहिलं. इंग्रजीची भीती होती. स्वतःची ओळख फोनवर रेकॉर्ड करून ऐकली, सुधारली, परत केली. पुढे मुलाखत निम्मी मराठीत आणि निम्मी हिंदीत झाली. तरी ती तयारी वाया गेली असं वाटत नाही, तिच्यामुळे आवाज स्थिर झाला.

आदल्या रात्री हडपसरला मावशीकडे राहिले. सकाळी मावशी म्हणाली, नव्या चपला घाल. मी बूटच घातले. ऑफिस साइटवर आहे म्हटल्यावर वर चढावं लागणारच, असा अंदाज होता.

साहेब पन्नाशीचे होते. बायोडेटा बाजूला ठेवून त्यांनी वहीच मागितली. पानं उलटता उलटता रिंगेच्या हिशोबावर थांबले. "हे काट मारलेलं काय आहे?" मी सगळं सांगितलं, फिटरमामांसकट. ते हसले नाहीत. टेबलावरचा बीमचा ड्रॉइंग पुढे सरकवून म्हणाले, "याची काढून दाखव." काढली.

मग विचारलं, 28 घनमीटरच्या स्लॅबला क्यूब किती? क्यूब म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायला भरायचे ठोकळे. मी तीन म्हणणार होते, पण या आकड्यासमोरचा 'का'चा रकाना रिकामा होता. म्हटलं, "एका नमुन्याचे तीन क्यूब असतात हे माहीत आहे, सर. पण 28 घनमीटरला नमुने किती घ्यायचे हे माहीत नाही." त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. तो "बरं" मला फार जड गेला.

नंतर हेल्मेट देऊन तिसऱ्या मजल्यावर नेलं. स्लॅबचं स्टील बांधून झालं होतं. "काय दिसतंय?" मी खाली वाकून पाहिलं. पॅसेजच्या बाजूला सळ्यांखालचे कव्हर ब्लॉक सरकले होते आणि सळ्या थेट साच्याच्या प्लायवर टेकल्या होत्या. बीमजवळच्या वरच्या सळ्या ये-जा करणाऱ्यांच्या पायांनी दबल्या होत्या, त्यांना खालून आधार देणाऱ्या चेअर कमी होत्या. बोट दाखवून सांगितलं. त्यांनी तिथेच फिटरला हाक मारली.

खाली आल्यावर म्हणाले, तुला काही विचारायचंय? हा प्रश्न मी घरून लिहूनच आणला होता. "साइटवर बायकांसाठी शौचालय आहे का, सर?" विचारताना कान तापले, पण विचारलं. ट्रेनिंगच्या साइटवर नव्हतं. सहा आठवडे मी दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हते. कायद्यानं साइटवर शौचालय असणं बंधनकारक आहे, आणि वर माल वाहणाऱ्या बायकांचं काय होत असेल हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नव्हता. साहेब क्षणभर गप्प झाले. "ऑफिसमागे एक आहे, कुलूप असतं. किल्ली तुझ्याकडे राहील." मी विचारलं, लेबरच्या बायकांसाठी? "त्यांच्यासाठी वेगळं बांधायला काढलंय."

परतीच्या एसटीत फोनमधलं आयएस 456, म्हणजे तोच कोड, उघडलं. 16 ते 30 घनमीटरला तीन नमुने. म्हणजे 28 दिवसांच्या चाचणीसाठी नऊ क्यूब, सात दिवसांचे वेगळे. रकाना भरला.

आठव्या दिवशी फोन आला. महिना सोळा हजार, हेल्मेट आणि बूट कंपनीचे. रुजू झाले त्या आठवड्यात चौथ्या मजल्याचा स्लॅब भरला, पावसाच्या दोन सरींच्या मधल्या वेळात. साहेबांनी क्यूब माझ्याकडे सोपवले. नऊ आणि सात दिवसांचे तीन, असे बारा साचे मी आदल्या संध्याकाळीच तेल लावून ओळीनं मांडले होते. बायकांच्या शौचालयाची भिंत तोवर कमरेएवढी झाली होती. किल्ली तीन बायकांमध्ये फिरत होती.