वाइ ख्रूचा गुरुवार

थायलंडमधे शाळा मेच्या मध्यावर उघडतात आणि जूनमधल्या एखाद्या गुरुवारी वाइ ख्रू असतो, म्हणजे शिक्षकांना वंदन करायचा दिवस. गुरुवारच का, तर तिकडेही तो गुरूचाच वार मानतात. मी खोन केन प्रांतातल्या एका सरकारी शाळेत इंग्लिश शिकवायला लागून तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि खरं सांगायचं तर मी पार वैतागले होते.

म्हणजे पोरं वाईट होती असं अजिबात नाही. वर्गात पाऊल टाकलं की चाळीसेक पोरं उभी राहून एका सुरात गुड मॉऽऽर्निंग टीचर, मी हाऊ आर यू म्हटलं की आयम फाइन थँक्यू अँड यू, आणि खाली बसली की संपलं. त्यापुढे काहीही विचारा, सन्नाटा. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा तर नाव घेतलं की वहीत असा डोकं घालायचा की मलाच कसंतरी व्हायचं. व्हिसा, वर्क परमिट, दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवणं, ही सगळी कटकट परवडली, कारण तिथे निदान समोरचा माणूस उत्तर तरी देतो.

तर त्या दिवशी सकाळी आठला झेंडावंदन झालं आणि मग हॉलमधे आम्हा शिक्षकांना खुर्च्यांवर ओळीने बसवलं. आमच्या हेड मॅडमना सगळे पी म्हणतात, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, त्यांनी आधीच बजावलं होतं की पायावर पाय टाकायचा नाही, तळवा कोणाकडे करायचा नाही, आणि ताट दोन्ही हातांनी घ्यायचं. मुलांनी पाली भाषेतलं वंदन सुरू केलं, "पाचेराचरिया होन्ति गुणुत्तरानुसासका", त्यातलं आचरिया आणि गुण एवढं कानाला लागलं आणि मी एकदम ताठ बसले. मग प्रत्येक वर्गातून दोघं दोघं गुडघ्यांवर सरकत पुढे यायला लागली. माझ्यासमोर आलेल्या मुलीच्या हातात केळीच्या पानांच्या घड्यांनी सजवलेलं ताट होतं, त्यात एक्झोराची लाल फुलं, वांग्याची फुलं आणि चक्क दूर्वा! एक्झोरा बुद्धी तल्लख व्हावी म्हणून, वांग्याचं फूल नम्रतेसाठी कारण ते खाली वाकलेलं असतं, आणि दूर्वा म्हणजे चिकाटी, कितीही तुडवा परत फुटते, हे मला पींनी कानात सांगितलं. मुलीचे हात थरथरत होते, ताट माझ्या हातात देऊन तिने वाकून जमिनीला कपाळ टेकवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभरात हिला एक वाक्य बोलतं करता आलं नव्हतं मला आणि ही माझ्या पाया पडतेय.

जेवणाच्या सुट्टीत पींना विचारलंच, एवढा मान देतात मग बोलत का नाहीत? त्या हसल्या. म्हणाल्या, मान देतात म्हणूनच बोलत नाहीत. चुकलं तर सगळ्यांसमोर लाज जाते, आणि शंका विचारली तर त्याचा अर्थ टीचरने नीट शिकवलं नाही असा होतो, मग टीचरची लाज जाते. शिवाय ओ-नेटसारखी राष्ट्रीय परीक्षा बहुतेक पर्यायांवर गोल काळे करायची, तोंड उघडायची वेळ येतेच कुठे. मला हे पटलं पण चिडचिडही झाली, कारण मग मला बोलावलंय कशाला?

दुपारचा तास त्याच वर्गावर होता. ताटं पोरांनी परत वर्गात आणून खिडकीत मांडली होती, कुठल्या वर्गाचं ताट सगळ्यात भारी यावर त्यांची थाईत कुजबूज चालू होती. मी पुस्तक बंद केलं. पाच-सहा जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक ताट दिलं आणि म्हटलं हे विकायचंय, इंग्लिशमधे, टीव्हीवर जाहिरात करतात तसं. उत्तर एकट्याचं नाही, गटाचं. आणि तिथे बरेच शिक्षक कमरेला लावायचा स्पीकर आणि माइक वापरतात (एवढ्या पोरांपुढे घसा टिकत नाही हो), तो माझा माइक काढून मी मागच्या बाकावर सरकवला.

उंच मुलाने आधी फुंकर मारून बघितली. मग उभा राहिला आणि असल्या काही सुरात "लेडीऽऽज अँड जेंटलमेऽऽन" म्हणाला की अख्खा वर्ग फुटला. पुढे "फ्लॉवर व्हेरी ब्युटिफुल, टीचर व्हेरी हॅपी, बाय वन गेट टू", व्याकरणाचा पार बोऱ्या, पण थांबेचना. नाव घेतलं की वहीत तोंड लपवणारा तोच मुलगा, माइक हातात आल्यावर तो तो राहिलाच नाही ना, निवेदक झाला, मग चूक झाली तरी ती निवेदकाची. शेजारच्या वर्गातल्या मॅडम आवाज ऐकून दारात आल्या, मला वाटलं आता बोलणी बसणार, तर त्या पाच मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि जाताना आमचं दार ओढून घेऊन गेल्या.

पुढच्या तासाला माइक कोणाकडे यावरून दोन मुलींची जुंपली. थाईत. मी म्हटलं भांडा, पण इंग्लिशमधे. भांडल्या!