जुन्या एमएक्स-५ चं ऑइल: ग्रेड, फिल्टर आणि टॅपेटची टिकटिक

गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (१९८९ ते १९९७), १६०० सीसी, इंग्लंडमधली. ऑइल बदलणं सोपं, फिल्टर बदलणं वैतागाचं, आणि ऑइल निवडण्यावर लोक विनाकारण भांडतात.

या इंजिनात सोळा व्हॉल्व्ह आणि प्रत्येकावर हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट ऑइलने आपोआप भरून काढणारा छोटा भाग. टॅपेट ऑइलच्या दाबावर चालतो आणि त्याची भोकं बारीक असतात. काजळी धरली की तो नीट भरत नाही आणि टिकटिक सुरू होते. थंड इंजिनवर काही सेकंद वाजून थांबली तर दुर्लक्ष करा. गरम झाल्यावरही वाजत राहिली तर ऑइल लवकर बदला. काहीजण आवाज दाबायला २०डब्ल्यू-५० ओततात (ग्रेडचा पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, दुसरा गरम इंजिनातल्या). इंग्लंडच्या थंडीत इतकं जाड ऑइल वर चढायला वेळ लावतं, म्हणजे सकाळची टिकटिक उलट वाढते.

माझदाने मुळात १०डब्ल्यू-३० सुचवलं होतं. मी ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घालतो, कॅनवर एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) चा ए३/बी४ वर्ग पाहून. या वर्गात उच्च तापमानाला, ऑइलचा थर जोरात ओढला जात असतानाची व्हिस्कॉसिटी (जाडी) किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद ठेवावी लागते, घासलेल्या बेअरिंगना ती बरी. 'सी' वर्गातली ऑइलं मुख्यतः डिझेल गाड्यांच्या धुरातली काजळी अडवणारे फिल्टर सांभाळण्यासाठी बनवलेली, इथे त्यांचा उपयोग नाही. जास्त झिंकच्या (झीज कमी करणारा घटक) महागड्या 'क्लासिक' ऑइलची या इंजिनाला गरज वाटत नाही. इंजिन फ्लश, म्हणजे आतला गाळ धुणारं रसायन, तर अजिबात नको. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटला तर पिकअपच्या (ऑइल खेचणाऱ्या नळीच्या) जाळीत आणि टॅपेटच्या भोकांत जाऊन बसतो. त्यापेक्षा दोनदा लवकर ऑइल बदललेलं चांगलं.

इंजिन कोमट असताना काम करा, उकळतं नको. गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, मग कितीही घाई असो. आधी वरचं फिलर कॅप उघडा, मग १९ मिमीच्या पान्याने ड्रेन प्लग. शेवटचे आटे हाताने सोडवा आणि भांडं थोडं पुढे सरकवून ठेवा, कारण धार सरळ खाली पडत नाही. प्लगचा १४ मिमीचा वॉशर दर वेळी नवीन घाला. जुना चपटा झालेला असतो, मग गळतं म्हणून माणूस अजून आवळतो आणि संपचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातात. प्लग २९ ते ४१ न्यूटन-मीटर आवळायचा, मी ३५ ला थांबतो.

आता फिल्टर. तो इंजिनच्या उजव्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डखाली आडवा दडलेला असतो. वरून हात पोचत नाही. उजवं पुढचं चाक काढलं तर बाजूने बरी वाट मिळते. सैल करण्याआधी फिल्टरवर जाड प्लास्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीतच फिरवा, नाहीतर ऑइल इंजिन माउंटवरून सबफ्रेमवर उतरतं आणि आठवडाभर गळतीचा भास देतं. जुनी रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. तिच्यावर नवा फिल्टर बसला की इंजिन चालू करताच ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला ऑइल चोळा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, पुढे साधारण एक फेरा. पाना लावायचा नाही. फिल्टर आडवा असल्याने आत अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह (इंजिन बंद असताना ऑइल परत वाहू न देणारी झडप) हवाच. तो नसला तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी परत टिकटिक.

तीन लिटर ओता, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं. इंजिन चालू केल्यावर प्रेशर गेजचा काटा चढेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका, म्हणजे पाय. १९९५ पासूनच्या गाड्यांचं गेज मात्र नावाला आहे, दाब असला की काटा मध्ये जाऊन बसतो, एवढंच. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक पाहा. नवं ऑइल काडीवर धड दिसत नाही, दोन्ही बाजू बघून कमी दाखवणारी खरी धरा.

नंतर इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या जोडावर ओलं दिसलं तर क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघू नका. आधी सिलिंडर हेडच्या मागे असलेल्या कॅम अँगल सेन्सरची (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, बदला. कडक झालेल्या त्या रिंगमधून ऑइल तिथवर ओघळतं आणि दोष सीलवर जातो.