बाकीची मुलं काय करत होती?

रविवार, रात्री

सगळे झोपलेत. मला झोप लागत नाही ती धाकट्याच्या एका प्रश्नामुळं, आणि तो स्वतः प्रश्न टाकून डाराडूर.

7 नोव्हेंबरचं भाषण बसवून घेत होते. साताऱ्यात राहायचं म्हणजे विद्यार्थी दिवसाचं भाषण दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी पाठ होतंच. 2017 पासून सरकार हा दिवस राज्यभर साजरा करायला लावतं, पण मूळ आपल्याच गावचं. 1900 साली याच तारखेला राजवाड्यातल्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं, क्रमांक 1914. आताचं प्रतापसिंह हायस्कूल. एवढं तो घडाघडा म्हणतो. पुढचं मी घातलेलं: त्यांना शाळेत वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावत नसे. तहान लागली तरी नळाला शिवायचं नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, नाहीतर नाही.

तिथं तो थांबला. मला वाटलं विसरला. तर म्हणाला, "आई, बाकीची मुलं काय करत होती?"

मी म्हटलं, "कधी?"

"तेव्हा. पाणी नव्हतं तेव्हा."

मला काही सुचेना. तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला आणि मग 'आदरणीय व्यासपीठ'पासून पुन्हा सुरू झाला.

एक आधीच लिहून ठेवते. त्या गोणपाटाची आणि आमच्या रिक्षातल्या भानगडीची बरोबरी होत नाही. तिथं सगळं गाव, धर्म, रीत एका पोराच्या विरुद्ध उभी होती. सातारा शहरात न्हावी असून केस बहिणीनं कापायचे. इथं चौथीतला एक मुलगा आमच्याच्या डब्यातल्या चकल्या खातो, बूट लपवतो, आणि पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे भुयारी रस्त्यात, रिक्षा शिरली की सगळी पोरं ओरडतात तेव्हा याचं दप्तर बाहेर काढून धरतो. सोडीन म्हणतो, सोडत नाही. मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला, फोन करून हे सांगायचं का, की साहेब, चकल्या गेल्या?

पण त्यानं विचारलं ते त्या मुलाबद्दल नव्हतंच. बाकीच्यांबद्दल होतं. रिक्षात बाकीची मुलं असतात की.

ती काय करतात ते मी विचारलं होतं दिवाळीच्या आधी. "खिडकीतून बघतात," म्हणाला. रिक्षाला कुठली आलीय खिडकी. पण मला कळलं.

तेव्हापासून मी ज्याला ज्याला हे सांगितलं, त्यानं मला उपाय सांगितला. यादीच करायची तर पान पुरणार नाही. ह्यांनी सांगितलं, रिक्षा बदलू. बाईंनी सांगितलं, तुकडी बदलून देऊ का, आणि लगेच, "मुलं आहेत हो, चालायचंच." आप्पांचं म्हणणं, "आमच्या वेळंला असलं काय नव्हतं बघ. दोन ठेवून द्यायचं, विषय संपला." म्हणजे होतंच की तेव्हाही. वहिनी म्हणाल्या कराटे लावा. शेजारच्या काकूही म्हणाल्या कराटे लावा, आणि बदाम. यातला एकही उपाय त्या दुसऱ्या मुलाला लागू होत नाही. रिक्षा आम्ही बदलायची, तुकडी आम्ही बदलायची, बदाम आम्ही खायचे. त्याला कुणी काही करायला सांगितलंच नाही.

आणि मीच नेहमी... जाऊ दे. ऑफिसातलं इथं नको.

थोरलीच्या कॉलेजात दर वर्षी हमीपत्र भरून घेतात, तिचंही आणि आमचंही. रॅगिंग करणार नाही, केल्यास होईल त्या कारवाईस पात्र. महाराष्ट्रात 1999चा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड. तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, नाही केली तर त्यानंच गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. बघत बसणारा माणूस तिथं कायद्यात सापडलाय. अठरा वर्षांची मुलगी घरातून निघताना आम्ही सह्या करतो, आणि नऊ वर्षांचं पोर रिक्षात चढताना "चालायचंच". शाळेत तक्रारपेटी आहे म्हणा, ऑफिसच्या दाराशेजारी. तिच्यात चिठ्ठी टाकायला चौथीतल्या मुलाला ऑफिससमोर सगळ्यांदेखत टाचा उंच कराव्या लागतात.

मगाशी मसूर स्टेशनची गोष्ट परत वाचली. धाकट्याच्या भाषणात ती बसत नाही, बाईंनी दोनच मिनिटं दिलीत. 1901 साल, छोटे आंबेडकर, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून आगगाडीनं आंबेडकरांच्या वडिलांकडं निघालेली. मसूरला उतरली, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करत होता, कपडे बघून त्याला वाटलं असेल चांगल्या घरची आहेत. जात सांगितली आणि तो मागं सरला. बैलगाड्या होत्या, कुणी न्यायला तयार नाही. शेवटी एक गाडीवान कबूल झाला तो दुप्पट भाड्यावर, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूनं चालायचं या बोलीवर.

स्टेशनमास्तरचा राग येतो. सगळ्यांनाच येतो, तो यायला सोपा आहे. पण मला ओळखीचा वाटतो तो गाडीवान. दुष्ट नाही. पोरांना स्टेशनावर टाकून गेला नाही. त्यानं अडचण सोडवली, फक्त स्वतःला काही शिवू न देता. आणि भाडं घेतलं.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छळावर आपण सगळे एकमतानं रागावतो. पुष्पहार, भाषण, आदरणीय व्यासपीठ. शुक्रवारच्या कार्यक्रमात तो दुसरा मुलगाही बोलणार आहे, आणि तो आमच्यापेक्षा बरा बोलतो. टाळ्या त्यालाच पडतील. मीही वाजवीन, काय करणार.

त्याची आई काल मोती चौकात भेटली. पेढे घ्यायला आली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आमचा फार त्रास देतो ना हो तुमच्याला? ऐकतच नाही मेला." आणि हसली. मी जे वाक्य दहा वेळा घोळवून ठेवलं होतं, त्यातलं निम्मं तिनंच बोलून टाकलं. आता त्यावर काय बोलणार! ती काही वाईट बाई नाही, दमलेली दिसत होती. पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "त्याला कराटेला घालतेय आता. अंगातली मस्ती तरी जिरेल."

मी विचारलं, कुठला क्लास? शाहू स्टेडियमकडचा. संध्याकाळी सहा ते सात.

आम्ही त्याच क्लासचे पैसे भरून आलोय.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसायला लागले. मला राग आला, मग मीही हसले. मारणाऱ्यालाही कराटे, मार खाणाऱ्यालाही कराटे, गावाकडं एकच काढा आहे. सर दोघांना जोडीनं उभं करतील बहुतेक, उंचीनं सारखेच आहेत.

रिक्षाचं लिहायचं राहिलं. काकांना परवा फोन केला होता. ते म्हणाले, "ताई, तुम्ही काळजीच सोडा. उद्यापासनं त्याला पुढं घेतो, माझ्याशेजारी. मागं भांडणच नको." मी बरं म्हणून फोन ठेवला. पुढं बसवणं नियमात बसत नाही ते सोडाच. फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं की वेगळं बसायचं ते आमच्याच मुलानं. मागं सगळी तशीच बसलीत, तोही तसाच. कुणाला काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही, आणि भांडण मात्र मिटलं.

हे मी जरा चिडूनच धाकट्याला विचारलं, की बाबा, तुला वाईट नाही का वाटलं? त्याला प्रश्नच समजला नाही. पुढं बसलं की समर्थ मंदिराच्या चढावर काका हॉर्न वाजवू देतात. एकदा नाही, हवा तेवढा. ग्रेड सेपरेटरमध्ये तर घुमतो म्हणे. शनिवारी मागच्या सगळ्यांनी काकांकडं लकडा लावला, आम्हालाही पुढं. सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं ते सांगायला नकोच. काकांनी त्याला सांगितलंय, आठवडाभर नीट वागलास तर बघू.

मला वाटतं, त्या मुलाला कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं ते हे पहिल्यांदाच.

धाकटा म्हणतो जागा देणार नाही. मी त्याला दे म्हणणार नाही.