रेघ कुठून सुरू झाली, ते आधी बघा

इचलकरंजीत साध्या मागावरच्या कापडात उभी रेघ दिसली की पहिलं बोट वहीफणीवाल्याकडे, म्हणजे उभे धागे वहीतून आणि फणीतून ओवणाऱ्याकडे जातं. वही म्हणजे उभे धागे वर-खाली करणारी, डोळे असलेली चौकट. फणी म्हणजे ते धागे अंतरावर ठेवणारा आणि आडवा धागा ठोकणारा पोलादी दातांचा कंगवा. त्या दिवशीही तेच झालं. मी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. सकाळपाळीला शेडमध्ये शिरलो तेव्हा मालक तागा घेऊन उभेच होते. माल 60 नंबर सुताची 92/88 कॅम्ब्रिक, म्हणजे इंचाला 92 उभे आणि 88 आडवे धागे; पन्हा (रुंदी) 63 इंच. डाव्या किनारीपासून साडेतेरा इंचांवर फिकट रेघ, म्हणून व्यापाऱ्याने परत पाठवलेला. "फणी चुकीची भरलीय, त्याची मजुरी कापा," असं दिवाणजींनी ठरवूनही टाकलं होतं. आमचे मालक खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं कापड मजुरीवर विणून देणारे; पिकाला, म्हणजे आडव्या धाग्याला, पैशांत मजुरी मिळते. त्यात तागा परत आला की कुणाची तरी मजुरी कापायची घाई होते.

ही कॅम्ब्रिक 88 नंबरच्या फणीवर चालते. 88 नंबर म्हणजे दोन इंचांत 88 घरं (दातांमधल्या फटी), एका इंचात 44. दर घरात दोन धागे, म्हणजे फणीत इंचाला 88 धागे. मागावरून उतरल्यावर कापड आकसतं आणि तेच 92 होतात. भरताना एखाद्या घरात तीन धागे गेले तर दाट रेघ येते, एकच गेला तर विरळ. पण भरणी चुकली असेल तर रेघ बीम (उभे धागे गुंडाळलेला मोठा रीळ) लागल्यापासून, पहिल्या मीटरपासून असते. मध्येच उगवत नाही.

म्हणून तागा ट्यूबलाइटसमोर धरून सुरुवातीपर्यंत उलगडला. अर्ध्याच्या आसपास रेघ संपली, त्याच्या अलीकडचं, आधी विणलेलं कापड स्वच्छ. जिथे रेघ सुरू होते तिथे पंधरा-वीस उभे धागे तुटून सांधलेले, गाठींचा पुंजका, आणि आडवे धागे दोन बोटं सैल. हा वहीफणीवाल्याचा हात नव्हे. आडवा धागा घेऊन धावणारा धोटा उघड्या धाग्यांमध्ये अडकला आणि तसाच फणीने ठोकला गेला, की कापडावर हीच खूण राहते. रात्रपाळीच्या विणकराला विचारलं तर तो म्हणाला, "अडकला होता, पण लगेच काढला."

आता फणीतली जागा. साडेतेरा इंच गुणिले 92, म्हणजे 1242 धागे, म्हणजे 621 घरं. फणीवर ती सव्वाचौदा इंचांच्या जरा आत येतात. किनारीला घरात जादा धागे असतात, त्यामुळे पाच-सहा घरं इकडेतिकडे धरायची. मागे बॅटरी लावून सुईने एकेक घर तपासलं. सगळीकडे दोन-दोन धागे, भरणी बरोबर. दात मात्र एक कललेला. 44 घरांच्या फणीत दोन दातांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे 0.58 मिलिमीटर. तिथे दात केसभर सरकला तरी एक घर रुंद होतं, शेजारचं आवळतं. कापडात फिकट रेघ आणि तिला चिकटून बारीक दाट रेघ, अशी जोडी दिसली की वाकडा दात समजावा.

त्या दाताला पक्कड लावल्याचे चकाकणारे ओरखडे होते. पकडीने दात सरळ होत नाही, त्याच्या कडेला कूस, म्हणजे बारीक काटेरी धार उभी राहते. 60 नंबरचं बारीक सूत त्या कुशीवर घासून तुटतं. विणकर रात्रभर तेच दोन धागे सांधत बसला होता, हेही त्यातून कळलं. किंचित वाकलेला दात गुळगुळीत चपट्या पोलादी पट्टीने, घरात घालून वर-खाली हलक्या हाताने ओढून, सरळ करता येतो. पण इथे दात वरच्या बांधणीतच सैल झाला होता. असा दात सरळ केला तरी चार मीटरांत पुन्हा कलतो. फणी बदलणं भाग होतं.

"ब्लीचला जाईल ती रेघ," मालक म्हणाले. अख्ख्या कापडभर दोन-दोन धाग्यांच्या जोड्या दिसतात, ती फणीची रेघ ओल्या प्रक्रियेत बरीच मिटते, आणि मागचा रूळ थोडा उचलला तर विणतानाच कमी होते. एकाच जागची रेघ निराळी. तुकडा कापून भिजवला, इस्त्री करून उजेडासमोर धरला. रेघ तिथेच. गडद रंगात ती आणखी उठली असती.

बीम नुकताच लागलेला, त्यामुळे तो संपायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. वही तशीच ठेवली, धागे वहीपुढे जुड्या करून बांधले, म्हणजे वहीच्या डोळ्यांतून निसटत नाहीत. मग नवी फणी लावून सुमारे 2900 घरं पुन्हा भरायची. हे काम ज्याची मजुरी कापायची होती त्यालाच बोलवून केलं, आणि त्याला त्याची वेगळी मजुरी द्यायला लावली.

तोवर मी धोटा का अडकला ते शोधलं. धोट्याला फटका मारणारा पिकर झिजून त्याला खोल खड्डा पडलेला, पट्टा सैल, म्हणून धोटा पेटीत उशिरा पोहोचत होता. तेवढ्याने फणी वाकत नाही. धोटा वेळेत आला नाही तर माग धाडकन थांबायला हवा. पण माग थांबवणाऱ्या स्टॉप रॉडची जीभ टोकाला गोल झाली होती. ठोकरीवर अडकण्याऐवजी ती वरून घसरत होती. जीभ घासून चौकोनी केली, पिकर बदलला, पट्टा एक भोक आवळला. हे न करता नुसती फणी बदलली असती तर नवीही आठवड्यात वाकली असती.

तागा रेघेच्या जागी कापला. अलीकडचा भाग पूर्ण भावाने गेला, पलीकडचा पडत्या भावाने. जुनी फणी मालक भंगारात टाकायला निघाले होते. 66 इंचांतला डावीकडचा वाकडा भाग कापला की 51 इंच चांगली उरते, आणि याच मालाच्या 48 इंच पन्ह्याला सव्वापन्नास इंच पुरते. शेवटच्या ओळीतल्या अरुंद मागासाठी ती कापून ठेवली.