बोन्साय करायचंय? मग ट्रे आत्ता घेऊ नका! (माझा अनुभव, वडोदरा)

बोन्साय कसं करायचं हे बऱ्याच जणी विचारतात म्हणून लिहितेय, आणि सगळ्यात आधी हेच सांगते की तो निळा चकचकीत उथळ ट्रे एवढ्यात घेऊ नका. फोटो बघितले की पहिल्यांदा तोच घ्यावासा वाटतो, पण नर्सरीतून आणलेलं करंगळीएवढ्या खोडाचं रोप त्या ट्रेत गेलं ना, की वर्षानुवर्षं करंगळीएवढंच राहतं. खोड जाड व्हायला वर भरपूर पानं हवीत आणि खाली मुळांना पसरायला जागा हवी, ट्रेत दोन्ही अडतं. ट्रे सगळ्यात शेवटी, झाड तयार झाल्यावर. तोवर साधी पसरट प्लास्टिकची कुंडी नाहीतर फळवाल्याकडचं जाळीचं क्रेट, बास.

आमचं घर दांडिया बाजारच्या मागे, जुनं, वर मोठी अगाशी, आणि मे महिन्यात इथे ४२-४३ डिग्री म्हणजे काहीच नाही. त्यामुळे यूट्यूबवर बघून पाइन नि मेपल आणायच्या फंदात मी पडलेच नाही. आमच्या गल्लीत भिंतीच्या फटीतून, पाइपच्या सांध्यातून वड-पिंपळ आपोआप उगवतात, ना कोणी लावतं ना कोणी पाणी घालतं, मग त्याच खानदानातलं काहीतरी घ्यावं हे उघड होतं. फक्त वड-पिंपळाची पानं मोठी असतात, फूटभर उंचीच्या झाडाला ती शोभत नाहीत. म्हणून बारीक पानांचं फायकस, नर्सरीत मायक्रोकार्पा म्हणतात ते, आणि सोबत एक जेड, म्हणजे जाड रसाळ पानांचं रोप.

नर्सरीत गेले तेव्हा मी उंच, भरगच्च रोपांकडे बघत होते, तर तिथले भाई म्हणाले, "बेन, मूळियां जोया वगर ना लेशो" (मुळं बघितल्याशिवाय घेऊ नका). आणि त्यांनी स्वतःच दोन-तीन रोपं पिशवीतून सरकवून दाखवली. तेव्हापासून मी रोप वरून बघतच नाही. बोटाने वरची इंचभर माती बाजूला करायची आणि खोड जमिनीत शिरतं तिथे बघायचं. तिथून चारी बाजूंनी मुळं पसरलेली असली तर घ्यायचं, एकाच बाजूला जाडजूड मूळ आणि बाकी खांबासारखं सरळ असेल तर ठेवून द्यायचं. या बुंध्याच्या पसाऱ्याला जपानीत नेबारी म्हणतात आणि झाड म्हातारं दिसतं ते मुख्य याच्यामुळे. दुसरं म्हणजे खोड खाली जाड आणि वर निमुळतं हवं, आणि खालच्या खाली एखाददोन फांद्या हव्यात. उंची बघूच नका, ती तर कापायचीच आहे. मी घेतलेलं रोप शेंडा मोडलेलं, एका बाजूला कललेलं होतं, भाईंनी दीडशेला दिलं, बाजूचं सरळसोट देखणं रोप अडीचशेला होतं!

आता माती. खरं तर यात माती जवळजवळ नसतेच. आपल्याकडची काळी माती कुंडीत भरली तर पाणी घातल्यावर चिखल आणि सुकल्यावर भेगा, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मी चांगल्या भाजलेल्या विटा फोडल्या (कच्ची वीट घेऊ नका, पावसात तिचा परत चिखल होतो), बांधकामवाल्याकडून ओरसंग नदीची जाड रेती आणली आणि चाळून ठेवलेलं कुजलेलं शेणखत घेतलं. दोन भाग विटा, एक भाग रेती, एक भाग खत. मग चाळायचं, आणि हा सगळ्यात कंटाळवाणा पण सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. विटांची पूड पिठाच्या चाळणीतून खाली पाडून टाकून द्यायची, हरभऱ्यापेक्षा मोठे तुकडे परत फोडायचे, मधलं तेवढं ठेवायचं. पूड राहिली तर ती कुंडीच्या तळाशी जाऊन बसते आणि निचरा बंद. घरात लाल धूळ झाली, त्यावरून जे ऐकायचं ते ऐकलं.

वेळ कुठली, हे पण विचारतात. आपल्याकडे दोन वेळा बऱ्या, एक म्हणजे उत्तरायण उलटून थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दुसरी जूनमध्ये, पावसाची हवा झाली की. फायकसला ऊब लागते, ऐन जानेवारीत मुळं कापली तर ते नुसतं बसून राहतं. मी जून धरला.

पिशवी फाडली तर आत मुळं गोल गोल फिरून काथ्याच्या पायपुसण्यासारखी घट्ट झालेली. आधी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं, मग जुना काटाचमचा वाकवून बाहेरून आत हलक्या हाताने विंचरत गेले. ओढायचं नाही, विंचरायचं. सगळ्यात वरची मुळं मोकळी झाली की बुंधा पहिल्यांदा खरा दिसतो, माझा तर पिशवीतल्या मातीत दोन बोटं खाली गाडलेला होता. मग खाली सरळ जाणारं सोटमूळ कापलं, गोल फिरलेली जाड मुळं कापली, आणि तंतूंसारखी पांढरी बारीक मुळं शक्य तितकी ठेवली, कारण पाणी तीच पितात. एकूण एक तृतीयांशाच्या आसपास गेली असतील. फायकस याहून जास्तही सोसतं म्हणतात पण पहिल्या खेपेला कशाला परीक्षा बघा. कापलं की पांढरा चीक येतो, तो हाताला आणि कपड्यांना चिकटतो, ओल्या फडक्याने पुसत राहायचं आणि डोळ्यांना हात लावायचा नाही.

कुंडीच्या भोकांवर जाळी, त्याच भोकांतून खालून वर तार काढलेली, मधे मिश्रणाचा छोटा ढीग, त्यावर झाड हलकेच फिरवत बसवायचं आणि तारेने मुळं कुंडीला बांधून टाकायची. ही बांधणी बरेच जण सोडून देतात. पण झाड वाऱ्याने हललं की नवीन फुटलेली केसाएवढी मुळं तुटतात, मग ते महिनोन्‌महिने धरत नाही. नंतर वरून मिश्रण घालायचं आणि खराट्याच्या काडीने टोचत टोचत मुळांच्या मधल्या पोकळ्या भरायच्या. शेवटी पाणी, खालून येणारं लाल पाणी स्वच्छ होईपर्यंत.

हे सगळं चालू असताना आई (माझ्या सासूबाई) झोपाळ्यावर बसून बघत होत्या. "जिवंत झाडाचे पाय कापतेस, हा छळ आहे." मी म्हटलं आई, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला, १९४५ला हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तिथल्याच यामाकी कुटुंबाकडे होता, त्यातूनही वाचला आणि १९७६ला त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला, अजून हिरवा आहे. छळ असता तर एवढा जगला असता का? आई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्या घरी पाणी घालायला रोज कोणीतरी असेल. तुम्ही मे महिन्यात पुण्याला जाता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आता आम्ही दोघं एकदम गावाला जात नाही!

कुंडी बदलल्यावर दोन-तीन आठवडे हिरव्या जाळीखाली, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली. मिश्रणातलं सोडून वरून खत महिना-दीड महिना अजिबात नाही. पानं पिवळी पडून गळली, फायकस जागा बदलली तरी रुसतं त्यामुळे घाबरायचं नाही, नखाने खोडाची साल किंचित खरवडायची, खाली हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे. नेमकी त्याच दिवसांत वटपौर्णिमा येते. शेजारच्या काकूंनी विचारलं, तुझ्याकडे वड आहे ना, फांद्या तोडून आणण्यापेक्षा त्यालाच दोरा गुंडाळू. म्हटलं काकू, एकतर तो वड नाही, वडाचा चुलतभाऊ आहे, आणि दुसरं म्हणजे सात फेऱ्यांत तो सात वेळा हलेल. शेवटी त्या नेहमीच्याच पारावर गेल्या.

फांद्यांना वळण द्यायची तार मी त्याच वेळी लावली नाही. मुळं कापणं, वर जोरदार छाटणी आणि तार हे तिन्ही एकदम करणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण नंतर त्या झाडाचं काय झालं ते कोणी दाखवत नाही. नवीन पालवी येऊन पक्की झाल्यावर सप्टेंबरमध्ये तार घेतली, अल्युमिनियमची. फांदीच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा जाडीची तार, तिरकी ४५ अंशात गुंडाळायची, आणि एकाच तारेत शेजारच्या दोन फांद्या घ्यायच्या म्हणजे तार खोडाला धरून राहते. वळवताना तार वळणाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी, तिथेच फांदी फाटते. दोन्ही अंगठे आत टेकवून, हळू. खालच्या फांद्या किंचित खाली झुकवल्या की रोपाचं एकदम झाड दिसायला लागतं, तो पाच मिनिटांचा आनंद खरंच भारी आहे. पण पावसाळी हवेत फायकस इतक्या लवकर जाड होतं की महिन्याभरात तार रुतायला लागते, दर रविवारी बघायचं, आणि काढताना उलगडायची नाही, कटरने तुकडे करून काढायची. तारेचे पैसे जातात, फांदी वाचते.

बाकी आकार कात्रीनेच येतो. फांदी सहा-आठ पानांची होऊ द्यायची मग दोन पानांवर आणायची, आणि शेवटचं पान ज्या दिशेला असेल तिकडेच नवा फुटवा जातो, म्हणून बाहेर बघणाऱ्या पानाच्या पुढे कापायचं. पानं मधोमध दुमडलेली दिसली तर उघडून बघा, आत काळे बारीक किडे असतात, थ्रिप्स. ती पानं तोडून पिशवीत बांधून टाकायची आणि कडुलिंबाचं तेल फवारायचं, संध्याकाळी, उन्हात नाही.

जेडचं सगळं उलटं. कोरड्या मातीतून काढायचं, मुळं कापायची आणि आठवडाभर पाणीच द्यायचं नाही, नाहीतर कापलेलं कुजतं. पानं जरा सुरकुतली की मग पाणी. आळशी माणसांनी जेडपासूनच सुरुवात करा.

सध्या माझ्या फायकसची एक फांदी मुद्दाम मोकाट सोडलीय, ती चांगली कमरेएवढी लांब गेलीय आणि अतिशय वेडीविद्री दिसते. पण तिच्यामुळेच खालचं खोड जाड होतंय, अंगठ्याच्या पुढे गेलंय आता. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हिचं बोन्साय बघा, वाढतच चाललंय." येत्या जूनमध्ये ती फांदी कापणार आहे. छाटलेल्या काड्या ओल्या रेतीत खोचल्या की बहुतेक जगतात, त्यामुळे मी काही फेकत नाही. ज्यांना हव्यात त्यांनी घरी येऊन घेऊन जा, पिशवी मात्र आपापली आणा.